परसबागेतील भेंडी व कांदा: बियाण्याची निवड हेच पहिले पीक संरक्षण

परसबागेसाठी बियाण्यांचे संच वाटणे हा आज विस्तारकार्याचा नित्याचा भाग झाला आहे. महिला बचत गट, अंगणवाड्या, शाळा आणि शेतकरी कुटुंबे यांना दिल्या जाणाऱ्या या संचांत भेंडी व कांदा ही बियाणी बहुधा असतात. दोन्ही भाज्या रोजच्या जेवणातल्या, दोन्हींचे बी सहज उपलब्ध, आणि दोन्ही पिके थोड्या जागेत येणारी. त्यामुळे बी कसे पेरावे एवढे सांगितले की काम झाले, असा समज होतो. प्रत्यक्षात या दोन पिकांचे यशापयश पेरणीच्या आधीच, म्हणजे कोणती जात, किती जुने बी आणि कोणता हंगाम या तीन बाबींवर बऱ्याच अंशी ठरलेले असते.

कीटकशास्त्राच्या दृष्टीने या मुद्द्याला आणखी एक बाजू आहे. भेंडीची तोडणी दर दुसऱ्या दिवशी करावी लागते. अनेक रासायनिक कीटकनाशकांचा प्रतीक्षा काळ, म्हणजे फवारणी आणि तोडणी यांमध्ये सोडावयाचे किमान अंतर, दोन दिवसांहून अधिक असते. शेतातील पिकात फवारणीचे वेळापत्रक तोडणीशी जुळवून घेता येते. परसबागेत मात्र सकाळी तोडलेली भेंडी दुपारच्या ताटात जाते आणि त्या ताटावर लहान मुलेही बसलेली असतात. म्हणून परसबागेत फवारणी ही पहिली नव्हे, शेवटची उपाययोजना मानावी लागते. जे काम शेतात कीटकनाशकाकडून करून घेतले जाते, ते येथे योग्य जात, ताजे बी व अचूक हंगाम यांच्याकडून करून घ्यावयाचे आहे. प्रस्तुत पाठात या दोन पिकांची बियाण्यापासून लागवड याच दृष्टीने मांडली आहे.

१. दोन बियाण्यांचा स्वभाव

भेंडीचे बी गोलसर, हिरवट-करडे व कठीण सालीचे असते. एका ग्रॅममध्ये साधारण १५ ते १८ बिया बसतात. कोरड्या जागी नीट साठविल्यास ते दोन ते तीन वर्षे चांगले उगवते. कांद्याचे बी, ज्याला अनेक भागांत उळे म्हणतात, काळे, कोनदार व सुरकुतलेले असते. एका ग्रॅममध्ये सुमारे ३०० बिया येतात. भाजीपाला पिकांमध्ये सर्वांत अल्पायुषी बियाण्यांत त्याची गणना होते. सर्वसाधारण साठवणीत एका वर्षानंतर त्याची उगवण झपाट्याने घटते आणि कोकण किंवा किनारपट्टीच्या दमट हवेत त्याहूनही लवकर घटते.

बियाणे प्रमाणीकरणाच्या किमान मानकांनुसार भेंडीची उगवण ६५ टक्के व कांद्याची ७० टक्के असावी लागते. बियाण्यातील ओलावा साध्या पिशवीत भेंडीसाठी १० टक्के व कांद्यासाठी ८ टक्क्यांपर्यंत, तर बाष्परोधक वेष्टनात अनुक्रमे ८ व ६ टक्क्यांपर्यंत चालतो. ओलाव्याचा हा बारीक हिशेब विनाकारण केलेला नाही. बियाणे साठवणुकीत हॅरिंग्टन यांचा एक ठोकताळा प्रसिद्ध आहे: ठरावीक मर्यादेत बियाण्यातील ओलावा एक टक्क्याने कमी झाला, किंवा साठवणुकीचे तापमान ५ अंश सेल्सिअसने उतरले, की बियाण्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते. घट्ट झाकणाच्या बरणीत, तळाशी सिलिका जेलची पुडी अथवा कोरडी राख ठेवून, बी थंड जागी ठेवण्यामागील शास्त्र हेच आहे.

बियाण्याचे पाकीट हाती आल्यावर जातीच्या नावाबरोबरच उगवण चाचणीची तारीख पाहावी. प्रमाणित बियाण्याची खूणचिठ्ठी निळी, तर पायाभूत बियाण्याची पांढरी असते. चाचणीच्या तारखेपासून प्रथम नऊ महिन्यांपर्यंतच बियाणे वैध मानले जाते. कांद्याच्या बाबतीत ही मुदत काटेकोरपणे पाळावी.

घरी उगवण तपासणे अगदी सोपे आहे. सुती कापड ओले करून पिळून घ्यावे, त्यावर ५० बिया अंतरावर मांडाव्यात, कापडाची सैल गुंडाळी करून ती सावलीत ठेवावी आणि कापड सतत ओलसर राखावे. कांद्याची मोजणी बाराव्या दिवशी, तर भेंडीची एकविसाव्या दिवशी पूर्ण करावी. उबदार हवेत बहुतेक बिया यापूर्वीच अंकुरतात. ५० पैकी ३५ पेक्षा कमी कांद्याच्या बिया उगवल्या, तर ते बी वाटू नये. एखाद्या गावात शंभर कुटुंबांना बी देण्यापूर्वी ही चाचणी केली, तर शंभर वाफे रिकामे राहण्याचा धोका टळतो. वाफा रिकामा राहिला की कुटुंब आपल्या हाताला दोष देते आणि पुढच्या हंगामात पाकीट उघडतही नाही.

२. भेंडी: जात निवडताना रोगाकडे पाहावे

भेंडीचा सर्वांत घातक शत्रू म्हणजे पिवळ्या शिरेचा विषाणुजन्य मोझॅक. शेतकरी त्यास केवडा किंवा हळद्या म्हणतात. प्रथम पानांच्या शिरा पिवळ्या होतात, नंतर संपूर्ण पान पिवळे पडते, आणि फळे फिकट, वाकडी व निबर होतात. पांढरी माशी रोगट झाडातील रस शोषताना विषाणू घेते व निरोगी झाडावर सोडते. लागण झालेले झाड कोणत्याही औषधाने बरे होत नाही. पीक लहान असताना लागण झाल्यास उत्पादन जवळजवळ हातचे जाते.

या रोगाविरुद्धची वाटचाल भारतीय भाजीपाला संशोधनातील एक महत्त्वाचे प्रकरण आहे. नवी दिल्ली येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेली पुसा सावनी ही जात दीर्घकाळ देशभर लोकप्रिय होती. प्रारंभी ती या रोगास दाद देत नसे, परंतु पुढे तिची ही क्षमता राहिली नाही. त्यानंतर संशोधकांनी भेंडीच्या जंगली नातेवाईक प्रजातींकडे लक्ष वळविले. परभणी येथील मराठवाडा कृषी विद्यापीठाने पुसा सावनी व अशा एका प्रजातीच्या संकरातून १९८०च्या दशकात परभणी क्रांती ही जात दिली. बंगळूर येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या अर्का अनामिका व अर्का अभय या जातींमध्येही जंगली प्रजातीचाच वारसा आहे. वाराणसी येथील भारतीय भाजीपाला संशोधन संस्थेची काशी क्रांती आणि लालसर-जांभळ्या फळांची काशी लालिमा या अलीकडच्या जाती परसबागेसाठी विचारात घेण्याजोग्या आहेत.

या इतिहासातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, रोगप्रतिकारक्षमता हा बियाण्यात आधीच असलेला गुण आहे. तो पेरणीनंतर विकत आणता येत नाही. दुसरी, ही क्षमता कायमची नसते. विषाणू व पांढरी माशी दोन्ही बदलत राहतात. एके काळी रोगमुक्त राहणाऱ्या जातीही काही भागांत आता रोगाला बळी पडतात. म्हणून पंधरा वर्षांपूर्वीची शिफारस आज तशीच पुढे न देता, आपल्या जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्राच्या प्रक्षेत्रावर सध्या कोणती जात टिकते आहे, हे दरवर्षी विचारून घ्यावे.

३. भेंडीची पेरणी व जोपासना

भेंडी उष्णता मागणारे पीक आहे. जमिनीचे तापमान २५ ते ३५ अंश असताना उगवण उत्तम होते. थंड जमिनीत बी पडून राहते व कुजते. महाराष्ट्रात खरीप पेरणी जून-जुलैमध्ये व उन्हाळी पेरणी जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत करतात. उत्तरेकडील मैदानी प्रदेशात थंडी ओसरल्यावर फेब्रुवारी-मार्च व पुन्हा जून-जुलै हे हंगाम योग्य. तेथे केवड्याचा प्रादुर्भाव पावसाळी पिकावर अधिक असल्याने त्या पिकासाठी प्रतिकारक जातीचा आग्रह धरावा. दक्षिणेत हिवाळा सौम्य असल्याने पेरणीला अधिक मोकळीक मिळते.

चार-पाच माणसांच्या कुटुंबाला २० ते २५ झाडे पुरतात. त्यासाठी सुमारे ३ ते ४ ग्रॅम बी पुरेसे आहे. प्रति चौरस मीटर २ ते २.५ किलो चांगले कुजलेले शेणखत मातीत मिसळावे. अर्धवट कुजलेले खत हुमणीला आमंत्रण देते. बी रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी सावलीत सुकवावे व एका जागी दोन बिया २ ते ३ सेंटिमीटर खोल टोकाव्यात. खरिपात दोन ओळींत ४५ ते ६० सेंटिमीटर व दोन झाडांत ३० सेंटिमीटर अंतर ठेवावे. उन्हाळ्यात झाडे लहान राहत असल्याने अंतर कमी चालते. उगवणीनंतर दोन आठवड्यांनी प्रत्येक जागी एकच जोमदार रोप राखावे.

बाजारातील भेंडीचे बी अनेकदा गुलाबी, निळ्या अथवा हिरव्या रंगाचे दिसते. हा रंग बियाण्यावर बुरशीनाशक किंवा कीटकनाशकाची प्रक्रिया केल्याची खूण आहे. अशा प्रक्रियेमुळे कोवळ्या रोपांना रसशोषक किडींपासून सुरुवातीचे काही आठवडे संरक्षण मिळते. तथापि असे बी घरी पुन्हा भिजवू नये, उघड्या हाताने हाताळू नये, मुलांच्या हाती देऊ नये, आणि उरलेले बी धान्याच्या डब्यांजवळ ठेवू नये. प्रक्रिया न केलेल्या बियाण्यास ट्रायकोडर्मा ४ ते ५ ग्रॅम प्रति किलो या प्रमाणात चोळावे. चमचाभर बियाण्यासाठी याचा अर्थ चिमूटभर भुकटी एवढाच.

किडींच्या बाबतीत परसबागेची एक विशिष्ट अडचण आहे. जास्वंद, अंबाडी व कापूस ही सर्व भेंडीच्या कुळातील झाडे असून त्यांवरील तुडतुडे, मावा, पांढरी माशी व पिठ्या ढेकूण भेंडीवरही येतात. शेंडे व फळे पोखरणारी अळी कपाशीवरही उपजीविका करते. म्हणून भेंडीचा वाफा जास्वंदीच्या कुंपणाला लागून किंवा कपाशीच्या बांधाला चिकटून करू नये; बांधावरील पेटारीसारखी तणे उपटून टाकावीत.

जोपासनेत पुढील क्रम पाळावा. आठवड्यातून दोनदा पानांची खालची बाजू पाहावी. केवड्याचे पहिले झाड दिसताच ते उपटून पुरावे. ‘एवढी फळे निघू देत’ म्हणून राखलेले एक रोगट झाड संपूर्ण वाफ्याला रोग पोहोचविते. कोमेजून खाली वळलेला शेंडा म्हणजे आत अळी आहे. तो अळीसह खुडून नष्ट करावा. छिद्र पडलेली फळे वाफ्याजवळ टाकू नयेत. पांढऱ्या माशीसाठी झाडांच्या उंचीवर एक-दोन पिवळे चिकट सापळे लावावेत. ढालकिडे, क्रायसोपाच्या अळ्या व कोळी हे मावा आणि तुडतुडे खातात; त्यांना ओळखून जपावे.

एवढे करूनही रसशोषक किडी वाढल्या, तर ५ टक्के निंबोळी अर्क वापरावा. ५० ग्रॅम निंबोळीचा गर कुटून थोड्या पाण्यात रात्रभर भिजवावा, सकाळी कापडातून गाळून पाणी घालून एक लिटर करावे आणि त्यात चिमूटभर साबणचुरा मिसळावा. तोडणी झाल्यानंतर, सायंकाळी, पानांच्या खालच्या बाजूने फवारावे. पुढील तोडणीची फळे स्वच्छ पाण्याने धुऊन घ्यावीत.

पेरणीपासून ४० ते ४५ दिवसांत फुले येतात व फूल उमलल्यापासून पाच-सहा दिवसांत कोवळे फळ तोडणीस येते. एक दिवसाआड तोडणी चुकवू नये. झाडावर निबर झालेले फळ नवीन फुलोऱ्याचा जोर कमी करते.

४. कांदा: जात निवडताना दिनमानाकडे पाहावे

कांद्याच्या रोपाला पाती किती फुटते हे खत-पाण्यावर अवलंबून असते. मात्र गाठ, म्हणजे कांदा, केव्हा धरायची हे ते दिवसाच्या लांबीवरून व तापमानावरून ठरविते. पुण्याच्या अक्षांशावर वर्षभरात दिवस साधारण ११ ते १३ तासांचा असतो. श्रीनगरला जूनमध्ये तो १४ तासांहून अधिक लांबतो. काश्मीर खोऱ्यासारख्या भागांतील लांब दिवसांच्या जाती महाराष्ट्रात लावल्या, तर हिरवीगार पाती मिळते, पण कांदा पोसत नाही. मैदानी भागांतील आपल्या जाती कमी लांबीच्या दिवसांत कांदा धरणाऱ्या आहेत. त्यांतही खरीप व रब्बीच्या जाती वेगळ्या. रब्बीची जात खरिपात किंवा खरिपाची रब्बीत लावल्यास कांदा लहान राहणे, जोड कांदे निघणे, डेंगळे येणे किंवा साठवणुकीत सडणे असे प्रकार घडतात. म्हणून जातीचे नाव व हंगाम यांची जोडी तोडू नये.

महाराष्ट्रातील हंगाम व जाती सर्वसाधारणपणे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

खरीप: रोपवाटिका मे-जून, पुनर्लागवड जुलै-ऑगस्ट, काढणी ऑक्टोबर-डिसेंबर. भीमा सुपर, भीमा राज, भीमा डार्क रेड, बसवंत ७८०, ॲग्रीफाउंड डार्क रेड, अर्का कल्याण.

रांगडा: रोपवाटिका ऑगस्ट-सप्टेंबर, पुनर्लागवड सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, काढणी जानेवारी-फेब्रुवारी. भीमा शक्ती, भीमा रेड, फुले समर्थ. पांढऱ्यासाठी भीमा शुभ्रा.

रब्बी: रोपवाटिका ऑक्टोबर-नोव्हेंबर, पुनर्लागवड डिसेंबर ते जानेवारीचा पूर्वार्ध, काढणी एप्रिल-मे. भीमा किरण, भीमा शक्ती, एन-२-४-१, ॲग्रीफाउंड लाइट रेड, अर्का निकेतन. पांढऱ्यासाठी भीमा श्वेता.

यांपैकी भीमा मालिकेतील जाती राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संचालनालयाच्या, बसवंत ७८०, एन-२-४-१ व फुले समर्थ महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या, ॲग्रीफाउंडच्या जाती राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठानच्या, तर अर्का मालिकेतील जाती बंगळूरच्या संस्थेच्या आहेत.

महाराष्ट्राबाहेरील मराठी वाचकांनी आपल्या प्रदेशाचा विचार करावा. बंगळूरच्या परिसरात गुलाबी रंगाच्या लहान कांद्याची अर्का बिंदू ही जात आहे. तमिळनाडूत सांबारात वापरला जाणारा लहान कांदा बहुधा गाठींपासून लावतात, परंतु तेथील कृषी विद्यापीठाची को (ऑन) ५ ही जात बियाण्यापासून घेता येते. हिमालयाच्या पायथ्यापलीकडे राहणाऱ्यांनी नाशिक-पुण्याहून बी नेण्याऐवजी तेथील शिफारशीत जातच लावावी.

परसबागेसाठी रब्बी हंगाम सर्वांत सोपा आहे. हवा कोरडी, तण व बुरशीजन्य रोग कमी, आणि काढलेला कांदा चार-पाच महिने टिकणारा. खरीप कांद्यासाठी पाण्याचा निचरा उत्तम हवा, आणि तो कांदा फार काळ टिकत नाही.

५. कांद्याची रोपवाटिका व पुनर्लागवड

चार चौरस मीटरच्या वाफ्यात १५ × १० सेंटिमीटर अंतराने सुमारे २६५ रोपे बसतात. त्यासाठी २ ते ३ ग्रॅम ताजे बी पुरते. १५ सेंटिमीटर उंच व सुमारे अर्धा मीटर लांब-रुंद गादीवाफा करावा, बारीक चाळलेले शेणखत मिसळावे आणि ५ ते ७ सेंटिमीटर अंतराच्या उथळ रेघांत एक ते दीड सेंटिमीटर खोलीवर बी पेरावे. बी फेकून पेरल्यास रोपांची दाटी होते व मर रोग बळावतो. बियाण्यास व वाफ्यास ट्रायकोडर्मा वापरावे. झारीने हलके पाणी द्यावे. उगवण होईपर्यंत वाळलेल्या गवताचे आच्छादन ठेवून अंकुर दिसताच ते काढावे.

खरिपात ३५ ते ४० व रब्बीत ४५ ते ५० दिवसांची रोपे लावावीत. काडीपेक्षा बारीक अथवा मान जाड झालेली रोपे वगळावीत. लांब पातीचा वरचा एक-तृतीयांश भाग कापून रोप सपाट वाफ्यात उथळ लावावे. खोल लावलेला कांदा लांबट होतो. उरलेली रोपे वाया घालवू नयेत. ती दाट लावून महिनाभरात पातीचा कांदा म्हणून काढता येतात.

कांद्याची मुख्य कीड फुलकिडे. पिवळसर, जेमतेम एक मिलिमीटर लांबीचे हे कीटक पातीच्या बेचक्यात दडून राहतात व पात खरवडून रस शोषतात. पातीवर चंदेरी चट्टे दिसतात. या जखमांतून जांभळा करपा सहज शिरतो. कोरड्या व उष्ण हवेत फुलकिडे वाढतात, पाऊस पडला की कमी होतात. परसबागेत याच गुणाचा उपयोग करावा: आठवड्यातून दोनदा सकाळी झारीने पातीच्या बेचक्यात जोराने पाणी सोडावे, म्हणजे बरेचसे फुलकिडे धुऊन जातात व दुपारपर्यंत पात सुकते. लागवडीच्या महिनाभर आधी वाफ्याभोवती मक्याच्या दोन ओळी पेरल्यास वाऱ्याबरोबर येणाऱ्या फुलकिड्यांना अडथळा होतो. नत्राचा अतिरेक टाळावा. कोवळी, लुसलुशीत पात त्यांना विशेष प्रिय असते.

रब्बी कांद्याच्या निम्म्या माना पडल्या की काढणी करावी. त्यापूर्वी १० ते १५ दिवस पाणी तोडावे. काढलेला कांदा पातीसह तीन दिवस वाफ्यात अशा रीतीने ठेवावा की एकाची पात दुसऱ्याचा कांदा झाकेल. नंतर सुमारे अडीच सेंटिमीटर मान राखून पात कापावी व कांदा १० ते १२ दिवस सावलीत सुकवावा.

६. बी घरचे धरावे की विकत घ्यावे?

प्रशिक्षणवर्गांत हा प्रश्न हमखास विचारला जातो. या दोन पिकांसाठी त्याचे उत्तर एक नाही, आणि त्याचे कारण फुलांच्या रचनेत व त्यांवर येणाऱ्या कीटकांत आहे.

भेंडीच्या एकाच फुलात पुंकेसर व स्त्रीकेसर असतात आणि फूल बव्हंशी स्वतःच्याच परागकणांनी फळते. मात्र पिवळ्या मोठ्या फुलाकडे मधमाश्या व भुंगे येतात, त्यामुळे काही प्रमाणात परपरागीभवन होते. ते साधारण ५ ते २० टक्के, काही ठिकाणी त्याहूनही अधिक आढळते. म्हणूनच प्रमाणित बीजोत्पादनात भेंडीच्या दोन जातींमध्ये २०० मीटर व पायाभूत बीजोत्पादनात ४०० मीटर विलगीकरण अंतर ठेवतात. परसबागेत ते शक्य नाही, पण उपाय सोपा आहे. फूल सकाळी उमलते व त्याच दिवशी मावळते. उमलण्याच्या आदल्या सायंकाळी कळीवर कागदी अथवा पातळ कापडी पिशवी सैलसर बांधावी, दुसऱ्या दिवशी सायंकाळी ती काढून देठाला रंगीत दोरा बांधावा. दोरा बांधलेली फळेच बियाण्यासाठी राखावीत.

बियाण्यासाठी तीन-चार झाडे वेगळी ठरवावीत. ती जोमदार व जातीच्या गुणधर्माशी जुळणारी असावीत. विशेषतः शेजारच्या झाडांवर केवडा आला असतानाही जी अखेरपर्यंत हिरवी राहिली, तीच निवडावीत. अशा प्रकारे दरवर्षी निवड केल्यास जातीची प्रतिकारक्षमता जपण्यास हातभार लागतो. फूल उमलल्यापासून ३० ते ३५ दिवसांत फळ तपकिरी होऊन शिरांवर तडकू लागते. तेव्हा ते काढून बी सावलीत सुकवावे. संकरित वाणाचे बी मात्र धरू नये. पुढच्या पिढीत त्याचे गुण विखुरतात व रोगास बळी पडणारी झाडेही निघतात. सरळ वाणाचे बी राखणे, पुन्हा पेरणे व शेजाऱ्यास देणे हा पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ नुसार शेतकऱ्याचा हक्कच आहे. संरक्षित वाणाचे बी ब्रँडच्या नावाने विकता येत नाही, एवढीच त्यात मर्यादा आहे.

कांद्याचे गणित निराळे आहे. एप्रिल-मेमध्ये काढलेले निवडक कांदे पाच-सहा महिने साठवून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुन्हा लावावे लागतात. थंडीत फुलांचे दांडे येतात आणि बी तयार होण्यास पुढचा एप्रिल उजाडतो. एका गोंड्यात शेकडो फुले असतात, पण प्रत्येक फुलातील परागकण आधी गळतात आणि कुक्षी नंतर पक्व होते. त्यामुळे त्याच फुलाचे पराग त्याच्या कामी येत नाहीत. ते दुसऱ्या फुलातून आणणे हे मधमाश्यांचे काम. कांद्याच्या मधुरसात पोटॅशियमचे प्रमाण अधिक असल्याने जवळ दुसरी फुले असली तर मधमाश्या कांद्याकडे कमी फिरकतात. त्यात कोणी दिवसा कीटकनाशक फवारले, तर गोंडे दिसायला भरगच्च पण बियांनी पोकळ राहतात.

शिवाय मधमाशी दूरवर फिरते. म्हणून कांद्यात प्रमाणित बीजोत्पादनासाठी ५०० मीटर व पायाभूतसाठी १,००० मीटर विलगीकरण अंतर लागते. परसबागेत चार-दोन कांदे फुलवून धरलेले बी एक तर शेजारच्या जातीशी मिसळलेले असते, किंवा अगदी जवळच्या नात्यातील झाडांपासून आलेले असल्याने पुढच्या पिढीची रोपे दुबळी निघतात. वाफ्यात अकाली डेंगळे आलेल्या कांद्याचे बी धरणे तर विशेष घातक आहे, कारण लवकर डेंगळे येण्याचा दोष पुढील पिढीत उतरतो. अनेक कुटुंबांत अशा डेंगळ्यांचे बी ‘आपोआप मिळाले’ म्हणून राखून ठेवतात. ही प्रथा थांबविणे आवश्यक आहे.

यास्तव सर्वसाधारण शिफारस अशी करता येईल: भेंडीचे सरळ वाणाचे बी घरी धरावे, कांद्याचे बी दरवर्षी ताजे, विश्वसनीय संस्थेकडून घ्यावे. गावाला कांद्याचे स्वतःचे बी हवेच असेल, तर ते एकेका घरी न करता गटाने करावे. सर्वांनी एकच जात ठरवावी, शेकडो कांद्यांतून एकसारखे, बारीक मानेचे, जोड नसलेले व साठवणुकीत टिकलेले कांदे निवडावेत, ते एकाच ठिकाणी अंतर राखून लावावेत आणि फुलोऱ्याच्या काळात परिसरात कीटकनाशक न फवारण्याचे सर्वांनी मान्य करावे. जवळ मधमाश्यांच्या पेट्या असतील तर फारच उत्तम.

७. विस्तार कार्यकर्त्यांसाठी कृतिसूची

१. संच वाटण्यापूर्वी प्रत्येक लॉटची ५० बियांची उगवण चाचणी करावी. कांद्याचे मुदत संपलेले बी स्वीकारू नये.

२. कांद्याचे पाकीट देताना त्यावर हंगाम ठळक अक्षरांत लिहावा. रब्बीच्या जातीचे बी जूनमध्ये देऊ नये.

३. भेंडीची कोणती जात केवड्याला टिकते, याची गावातील पाच परसबागांत दरवर्षी नोंद ठेवावी व ती कृषी विज्ञान केंद्रास कळवावी.

४. रंगीत, प्रक्रिया केलेल्या बियाण्याविषयीची सूचना तोंडी व लेखी दोन्ही प्रकारे द्यावी.

५. प्रात्यक्षिकात पांढरी माशी, तुडतुडे व फुलकिडे यांच्याबरोबरच ढालकिडे व क्रायसोपाही दाखवावेत. शत्रू आणि मित्र यांतला फरक कळलेली व्यक्ती फवारणीपूर्वी एकदा तरी थांबते.

६. कळीवर पिशवी बांधण्याचे प्रात्यक्षिक प्रत्येक गटात एका सायंकाळी घ्यावे. ते दहा मिनिटांत होते व शाळकरी मुलेही करू शकतात.

परसबागेचे क्षेत्र लहान असते, पण तेथील भाजी आणि ताट यांच्यामध्ये ना बाजार असतो, ना तपासणी. भेंडीची जात रोग पाहून आणि कांद्याची जात हंगाम पाहून निवडली, बी ताजे घेतले, तर या वाफ्यांत विषारी फवारणीची वेळ क्वचितच येते. आपल्या कार्यक्षेत्रात येत्या हंगामाच्या बियाणे वाटपापूर्वी वरील चाचणी व नोंदींपासून सुरुवात करावी.